आतड्याचं ऑपरेशन झालेल्या आजी-आजोबांचं पोट फुगतं तेव्हा

आतड्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी राउंडवर आलेले डॉक्टर रुग्णाला आधी विचारतात, ‘वारा सरला का?’ नातेवाइकांना हा प्रश्न किरकोळ वाटतो, कारण त्यांचं लक्ष टाक्यांकडे, सलाईनकडे आणि चादरीखालच्या टम्म पोटाकडे असतं. पोट बरं व्हावं म्हणून ऑपरेशन केलं आणि ते आधीपेक्षा मोठं दिसतंय, म्हटल्यावर कुणीही धास्तावेल. त्यात रुग्ण पंचाहत्तरीचा असला तर विचारूच नका. मोठ्या आतड्याचा कर्करोग, आतड्याला पडलेला पीळ, अडकलेला हर्निया, आतड्याला पडलेलं छिद्र अशा कारणांनी ऑपरेशन करावं लागणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळी बरीच असतात. त्यांच्या घरची माणसं या धास्तीपोटी दोनपैकी एक चूक हमखास करतात. एक तर साध्या फुगण्यानं हादरून रुग्णाला उपाशी ठेवतात, अंथरुणातून हलू देत नाहीत. नाही तर ‘ऑपरेशननंतर पोट फुगायचंच’ असं म्हणून खऱ्या धोक्याकडे काणाडोळा करतात. माझं म्हणणं असं की, एखाद्या दिवशी पोट किती फुगलंय यावरून फारसं काही कळत नाही. ते दिवसागणिक ओसरतंय की वाढतंय, आणि त्याच्या जोडीला आणखी काय दिसतंय, हे पाहायचं असतं. ते ओसरत राहावं यासाठी घरच्यांच्या हातातही पुष्कळ असतं.

पोट फुगतं का, हे आधी समजून घेऊ. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे थर असतात. त्यांच्या लाटांनी अन्न, पाणी आणि वायू पुढे सरकतात. ऑपरेशनमध्ये आतडं हाताळलं, कापलं, जोडलं की भिंतीतल्या पेशी खवळतात, तिथे सूज येते आणि मज्जातंतूंकडून ‘थांब’ असा इशारा जातो. लाटा मंदावतात. गिळलेली हवा आणि पाझरलेलं पाणी जागच्या जागी साठतं, आणि पोट नगाऱ्यासारखं ताणतं. जागं होतानाही आतड्याचे सगळे भाग एकदम जागे होत नाहीत. लहान आतडं काही तासांत ते एका दिवसात हालचाल सुरू करतं, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठं आतडं सर्वांत शेवटी, साधारण दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा कामाला लागतं. म्हणून पहिले तीन-चार दिवस थोडं फुगलेलं, पण हाताला मऊ लागणारं पोट हा बहुतेकांच्या बरं होण्याचाच एक टप्पा असतो. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर त्यासाठी भरलेल्या वायूमुळे खांदाही दुखू शकतो. तो हृदयाचा झटका नाही ना, ही शंका डॉक्टरांना विचारून फेडून घ्यावी. वायूमुळे होणारं दुखणं एक-दोन दिवसांत ओसरतं.

हा टप्पा लांबवणाऱ्या गोष्टी मात्र ओळखीच्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच टाळता येतात. मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं, आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं ट्रॅमाडॉलसुद्धा, आतड्याच्या लाटा मंदावतात. रक्तातलं पोटॅशियम कमी झालं की स्नायूंतली ताकद जाते. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांत हे वरचेवर घडतं. साखर फार वाढली तर जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. सलाईनही प्रमाणाबाहेर गेलं तर नडतं, कारण त्यातलं मीठ-पाणी आतड्याच्या भिंतीत मुरून ती सुजते. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याचा भाग काढलेल्या 20 रुग्णांचे दोन गट करून एका गटाला नेहमीसारखं भरपूर आणि दुसऱ्याला मोजून-मापून सलाईन दिलं होतं. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत मोजून दिलेल्या गटाचं जठर लवकर रिकामं होऊ लागलं, वारा आणि शौच लवकर झालं आणि ते घरीही आधी गेले. तेव्हा ‘अशक्तपणा आहे, आणखी दोन बाटल्या लावा’ हा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. पोट फुगलेलं असेल तेव्हा तर मुळीच नाही.

वयस्कर शरीराला या सगळ्याचा चटका जास्त का बसतो? त्याच्याकडची गंगाजळी कमी असते म्हणून. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी 67 वर्षांच्या, चांगल्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. त्यांना आजार नव्हता, ऑपरेशन झालेलं नव्हतं, तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांचा सुमारे एक किलो स्नायू झडला. ज्यांचं पोट उघडलंय आणि जे धड जेवत नाहीत, त्यांचं काय होत असेल याचा अंदाज यावरून येतो. पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते आणि आतडंही सुस्तावतं. ‘म्हाताऱ्या जिवाला विश्रांती हवी’ हे वाक्य मायेपोटी येतं, पण या बाबतीत ती माया उलटी पडते. झोप हवी, शांतता हवी, भेटायला येणाऱ्यांची गर्दी नको, इथपर्यंत विश्रांती बरोबर आहे. अंथरुणाला खिळून राहणं हा तिचा अर्थ नव्हे.

हा विचार शल्यचिकित्सेत रुजवण्याचं मोठं श्रेय डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांना जातं. त्यांनी 1990 च्या दशकात एकेका जुन्या प्रथेला विचारलं, ‘याचा पुरावा काय?’ रुग्णाला उपाशी का ठेवायचं, नाकातली नळी दिवसेंदिवस का ठेवायची, त्याला खाटेवरून का उठू द्यायचं नाही? वेदनेवर वेगवेगळ्या मार्गांनी नियंत्रण, लवकर तोंडाने आहार आणि पहिल्या दिवसापासून चालणं अशी सांगड त्यांच्या चमूनं घातली. 2000 साली त्यांनी 60 रुग्णांचे निकाल मांडले. हे रुग्ण तरुण नव्हते. त्यांच्या वयाचा मध्यांक 74 वर्षं होता. तरी 60 पैकी 57 जणांना 48 तासांच्या आत शौचाला झालं. पुढे नाकातल्या नळीचीही छाननी झाली. पाच हजारांवर रुग्णांचे अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं की, सरसकट नळी घातल्यानं आतडं लवकर सुरू होत नाही, उलट नळी नसलेल्यांचं आतडं आधी जागं होतं. उलट्या होत असतील, पोट फारच ताणलं असेल तेव्हा नळी हवीच, कारण तेव्हा ती पोटातलं पाणी छातीत जाण्याचा धोका टाळते. साध्या कॉफीचीसुद्धा अशीच परीक्षा झाली आहे. जर्मनीत 80 रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत पाण्याऐवजी कॉफी घेणाऱ्यांना पहिलं शौच सुमारे 60 तासांनी झालं, पाणी घेणाऱ्यांना सुमारे 74 तासांनी. हे सांगण्याचा हेतू कॉफीची भलामण करणं हा नाही. तोंडावाटे थोडं थोडं जात राहिलं की आतड्याला जाग येते, एवढंच त्यातून घ्यायचं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: चालायला लावलं तर टाके तुटतील. पोटाची भिंत ज्या दोऱ्यानं शिवतात तो महिनोन्‌महिने ताकद धरून राहतो किंवा विरघळतच नाही. हळूहळू चालण्यानं त्याच्यावर येणारा ताण खोकल्याच्या एका उबळीपेक्षा कमी असतो. टाक्यांना खरा धोका असतो तो जोराचा खोकला, कुंथणं, वजन उचलणं, जखमेतला जंतुसंसर्ग आणि कुपोषण यांचा. उठण्याची पद्धत मात्र शिकून घ्यावी लागते. उताणं असताना सरळ उठून बसू देऊ नका. आधी दोन्ही गुडघे दुमडायचे, मग खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचं. पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपरावर भार देत बसतं व्हायचं. बसल्यावर दोन मिनिटं तसंच थांबायचं, कारण ज्येष्ठांचा बीपी उभं राहताना अचानक उतरतो आणि घेरी येते. लघवीची पिशवी आणि ड्रेनची नळी कुणीतरी हातात धरावी. खोकला आला तर घडी घातलेली छोटी उशी पोटाशी घट्ट दाबून धरायची. पहिल्या दिवशी खुर्चीत अर्धा तास बसले आणि दारापर्यंत दोन खेपा घातल्या तरी पुष्कळ झालं. पोटाला बांधायच्या पट्ट्यानं चालताना आधार वाटतो, तेवढ्यापुरता तो ठीक आहे. आतलं फुगणं पट्टा करकचून आवळल्यानं कमी होत नाही.

दुसरा आक्षेप खाण्याचा. ‘वारा सरल्याशिवाय पाण्याचा थेंबही नको, नाही तर आतड्याचा जोड सुटेल’ हा नियम कित्येक वर्षं पाळला गेला. पण उपाशी माणसाच्याही आतड्यात रोज काही लिटर लाळ, जठररस आणि पित्त उतरतंच. जोड काही कोरडा राहत नाही. नियोजित ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्याच दिवसापासून घोट-घोट पाणी, मग पेज, मग मऊ भात असा क्रम आता बहुतेक ठिकाणी धरतात. आतडं फुटून पोटात घाण पसरली असेल, तातडीनं ऑपरेशन करावं लागलं असेल, तर क्रम वेगळा असतो आणि तो तुमच्या शल्यचिकित्सकांनीच ठरवायचा. मळमळ वाढली, पोट ताणलं, हिरवी उलटी झाली की खाणं थांबवून ताबडतोब कळवायचं, कुणी ‘एक घास तरी’ म्हणून भरवायचं नाही. पहिले काही आठवडे मऊ भात, मुगाचं पातळ वरण, ताक, दही, अंडं, उकडलेला मासा असे पदार्थ दिवसातून सहा वेळा, थोडे थोडे द्या. कच्च्या कोशिंबिरी, मोड आलेली कडधान्यं, मक्याचे दाणे, खोबऱ्याचे तुकडे, संत्र्याची सालपटं लांब ठेवा. जोडाच्या जागी सूज असेपर्यंत असे चोथ्याचे पदार्थ अडकू शकतात. दुधानं पोट फुगत असेल तर दही-ताकावर या. प्रथिनांना कमी लेखू नका. आजारातून उठणाऱ्या ज्येष्ठाला वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 50 किलोच्या आजींना 60 ते 75 ग्रॅम. एका अंड्यातून सहाच ग्रॅम मिळतात, हे ध्यानात घेतलं की नुसत्या पेजेवर महिना काढणं का महागात पडतं ते उमगेल. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण आणि शहाळ्याचं पाणीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

तिसरा आक्षेप वेदनाशामकांचा: ती आतडं मंदावतात, मग सहन केलेलं काय वाईट? वाईट यासाठी की, दुखणारा माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही, आणि मग पोटाबरोबर छातीही बिघडते. यातून मार्ग आहे. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल दुखण्याची वाट न पाहता वेळच्या वेळी घ्यावं, म्हणजे ट्रॅमाडॉलसारख्या औषधाची गरज कमी पडते. ते लागलंच तर सोबत मल मऊ ठेवणारं औषध हवं का, हे विचारून घ्यावं. दुकानातून आपल्या मनानं आणलेल्या इतर गोळ्या मूत्रपिंडाला आणि जठराला इजा करू शकतात.

इतकं सगळं नीट करूनही काही जणांचं पोट फुगलेलंच राहतं, आणि इथे घरच्यांची नजर मोलाची ठरते. सर्वांत मोठी भीती असते ती आतड्याचा जोड गळण्याची. हे बहुधा पहिल्या दहा दिवसांत घडतं. तरुण माणसाला अशा वेळी सडकून ताप येतो, पोटात प्रचंड दुखतं. वृद्धांत चित्र फसवं असू शकतं. ताप येत नाही, किंवा पॅरासिटामॉलखाली झाकला जातो. मधुमेह असला तर दुखणं बोथट होतं. मेटोप्रोलॉलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर नाडी जितकी वाढायला हवी तितकी वाढत नाही. मग दिसतं काय? काल नीट बोलणारे आजोबा आज बरळतात, माणसं ओळखत नाहीत, किंवा नुसते पेंगत राहतात. श्वास भरभर चालतो. लघवी कमी होते. आतडं सुरू झालं होतं ते पुन्हा बंद पडतं. ‘वयामुळे थोडं भरकटलेत’ असं म्हणून हे सोडून देऊ नका. ऑपरेशननंतर अचानक आलेला भ्रम हा पोटातल्या बिघाडाचा पहिला निरोप असू शकतो. दुसरी शक्यता ब्रिटिश शल्यचिकित्सक विल्यम हेनेज ओगिल्व्ही यांनी 1948 मध्ये वर्णिलेल्या विकाराची. यात वाटेत कुठलाही अडथळा नसताना मोठं आतडं फुग्यासारखं फुगतं. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांत तो जास्त दिसतो, आणि वेळेवर लक्षात आला नाही तर आतडं फुटू शकतं. तिसरी शक्यता साधी, म्हणून नजरेतून सुटणारी: लघवीची नळी (कॅथेटर) काढल्यावर प्रोस्टेटच्या त्रासामुळे लघवी तुंबते आणि बेंबीखाली उंचवटा येतो. फुगलेलं असतं मूत्राशय, आणि उपचार चालतात गॅसवर.

हे सगळं डोक्यात ठेवणं अवघड आहे, म्हणून एक वही करा. रोज सकाळी चहाच्या आधी, रुग्ण उताणा असताना, पाच-सहा ओळी लिहायच्या. उदाहरणार्थ: ‘पाचवा दिवस. नाडी 84. ताप नाही. वारा तीनदा, शौच एकदा पातळ. लघवी पाच वेळा. उलटी नाही, पेज अर्धी वाटी संपवली. पोट मऊ. बोलणं नीट. दारापर्यंत चार खेपा.’ पोटावर शौचासाठी पिशवी बसवली असेल तर त्या पिशवीत हवा भरते का, किती वेळा रिकामी केली, तेही लिहा. शिंप्याच्या टेपनं बेंबीच्या पातळीवर घेर मोजायला हरकत नाही, पण एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरच्या फरकानं घाबरू नका. सलग वाढत गेला तरच त्याला अर्थ. चार दिवसांची पानं शेजारी-शेजारी ठेवली की पोट कुठल्या दिशेनं चाललंय ते आपोआप दिसतं. फोनवर ‘पोट फुगलंय हो’ एवढंच सांगण्यापेक्षा ही पानं वाचून दाखवली तर डॉक्टरांना निर्णय घेता येतो. शांत असताना नाडी शंभरच्या वर, 100.4 अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, पुन्हापुन्हा उलट्या, पोट दगडासारखं कडक, सुरू झालेला वारा बंद होऊन वाढणारी कळ, धाप, नवा भ्रम, शौचावाटे रक्त, एकाच पायावर आलेली सूज, किंवा जखमेतून एकाएकी येणारं गुलाबी पाणी, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. जखम उसवून आतडं दिसलं तर ते आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडानं झाका आणि 108 ला फोन लावा.

घरगुती उपायांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावल्यानं बहुधा नुकसान नाही, जखमेपासून लांब ठेवलं तर. एरंडेल, जुलाबाची चूर्णं आणि एनिमा मात्र सल्ल्याविना नकोत. गुदद्वाराजवळ ताजा जोड असेल तर एनिमाची नळी तो फाडू शकते. शेकायची पिशवी मधुमेह्याच्या बधिर त्वचेला भाजते. जुलाब आणि फुगणं एकत्र आलं तर प्रतिजैविकांमुळे होणारा आतड्याचा संसर्ग असू शकतो, तेव्हा जुलाब बंद करणारी गोळी परस्पर देऊ नका. काही महिन्यांनंतर खोकताना जखमेजवळ फुगवटा दिसला तर तो हर्निया असू शकतो, आणि थांबून-थांबून येणारी कळ, उलट्या आणि बंद झालेला वारा यांमागे आतडी एकमेकांना चिकटून झालेला अडथळा असू शकतो. टाके काढले म्हणजे वही मिटली, असं समजू नका.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: हे सगळं परदेशातलं, आमच्याकडे लवकर घरी पाठवणं म्हणजे खाट रिकामी करणं. डेन्मार्कच्याच आकड्यांत याचं उत्तर आहे. त्या 60 रुग्णांपैकी 15 टक्क्यांना पुन्हा दाखल व्हावं लागलं होतं आणि त्यांतल्या दोघांचा जोड गळला होता. म्हणजे लवकर घरी जाणं तेव्हाच सुरक्षित, जेव्हा घरी पाहणारं माणूस आहे, काय पाहायचं ते त्याला शिकवलंय आणि रात्री फोन उचलणारा डॉक्टर आहे. यातलं काही नसेल तर आणखी दोन दिवस राहू देण्याची विनंती जरूर करा. बरं होण्याची गतीही समजून घ्या. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साठीपुढच्या 372 रुग्णांचा सहा महिने मागोवा घेणारा एक अमेरिकी अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना पूर्वीसारखं चालायला सरासरी सहा आठवडे लागले, अंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः करायला तीन महिने आणि बाजारहाट, पैशांचे व्यवहार यांसारख्या कामांना सहा महिने. पोट आठवडाभरात उतरतं, माणूस उभा राहायला अर्धं वर्ष लागतं. म्हणून तिसऱ्या दिवशीच्या फुगलेल्या पोटापुढे हातपाय गाळू नका आणि दहाव्या दिवशीच्या सपाट पोटावर निर्धास्तही होऊ नका. उद्या सकाळी वही उघडा, नाडी मोजा, पेजेची वाटी हातात द्या, आणि आजोबांना दारापर्यंत कालच्यापेक्षा एक खेप जास्त घालायला सोबत करा.